सिलियातली वाहतूक आणि सूक्ष्मनलिकांवरच्या खुणा : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सिलियावर, म्हणजे पेशीतून बाहेर डोकावणाऱ्या केसासारख्या अवयवावर, काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या ट्यूब्युलिन प्रथिनावर अमुक रासायनिक फेरफार झाला, म्हणजे अमुक खूण बसली, की वाहतूक जलद होते की मंद? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. आधी विचारायचं ते हे, की ही खूण नेमकी बसते कुठे? सूक्ष्मनलिकेच्या आत की बाहेर, जोडनलिकेतल्या कुठल्या नलिकेवर, सिलियाच्या बुडाशी की टोकाशी? जागा माहीत नसताना मोजलेला वेग कितीही अचूक असला तरी त्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या जागेपासून सुरू होऊन वेगाकडे जातात.

पहिली पायरी : रस्ता ओळखून घ्या

सिलियाच्या आत प्रथिनं तयार होत नाहीत. लागेल ते सगळं पेशीच्या मुख्य भागातून आणावं लागतं आणि वापरलेलं परत न्यावं लागतं. ही ने-आण सिलियाच्या सांगाड्यावरून, म्हणजे अ‍ॅक्सोनीमवरून चालते. अ‍ॅक्सोनीममध्ये नऊ जोडनलिका वर्तुळात उभ्या असतात. प्रत्येक जोडीतली ए-नलिका पूर्ण गोल असते आणि तिच्यात १३ तंतू असतात. तिला चिकटलेल्या बी-नलिकेत १० तंतू असतात, आणि तिची उरलेली भिंत ए-नलिकाच पुरवते. हलणाऱ्या सिलियात मध्यभागी आणखी दोन एकेरी नलिका असतात.

ही वाहतूक पहिल्यांदा डोळ्यांना दिसली ती १९९३ मध्ये. येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांना क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाच्या कशाभिकेत (म्हणजे त्याच्या लांब सिलियात) कणांच्या रांगा वर-खाली सरकताना दिसल्या. वर जाणाऱ्या रांगांचा वेग सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर होता, खाली येणाऱ्यांचा त्याहून जास्त. त्यावरून या वाहतुकीला इंट्राफ्लॅजेलर ट्रान्सपोर्ट, थोडक्यात आयएफटी, हे नाव मिळालं. रांगांना आज सगळेच 'ट्रेन' म्हणतात. गाडी बुडाकडून टोकाकडे नेतं ते कायनेसिन-२ आणि परत आणतं ते डायनीन-२; ही दोन्ही मोटर प्रथिनं, म्हणजे नलिकेवरून चालत माल ओढणारी. गाडीचे डबे दोन संकुलांचे असतात : आयएफटी-ए मध्ये सहा प्रथिनं, आयएफटी-बी मध्ये सोळा.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय इतका रंगतो ती. एका सिलियात गाड्या एकाच वेळी दोन्ही दिशांना धावतात, तरी एकमेकींवर आदळत नाहीत. क्लॅमिडोमोनासमध्ये याचं उत्तर २०१६ साली मिळालं. प्रकाश सूक्ष्मदर्शक आणि इलेक्ट्रॉन टोमोग्राफी यांची सांगड घालून दिसलं, की वर जाणाऱ्या गाड्या बी-नलिकेवरून जातात आणि परतीच्या ए-नलिकेवरून. रेल्वेच्या अप आणि डाउन मार्गांसारखी ही व्यवस्था आहे, फक्त इथले दोन्ही मार्ग एकमेकांना अगदी चिकटलेले.

पण हा नियम सरसकट लावू नका. सस्तन प्राण्यांच्या प्राथमिक सिलियात (पेशीवर एकटाच असणाऱ्या, सहसा न हलणाऱ्या सिलियात) जोडनलिका टोकापर्यंत जोडनलिका राहत नाहीत. बी-नलिका वाटेतच संपतात आणि पुढे फक्त ए-नलिका उरतात. सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या संवेदी सिलियातही टोकाकडचा भाग एकेरी नलिकांचाच असतो. तिथे दोन वेगळे मार्गच नाहीत, म्हणजे गाड्यांना निराळी सोय लागणार. शैवालावरचा शोधनिबंध वाचून मानवी पेशींबद्दल विधान करण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

दुसरी पायरी : प्रत्येक खुणेचा पत्ता पाठ करा

सूक्ष्मनलिका अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनच्या जोड्यांनी बनते. एक जोडी सुमारे ८ नॅनोमीटर लांब असते. दोन्ही प्रथिनांचं शेवटचं टोक शेपटीसारखं नलिकेच्या बाहेर लोंबतं. या शेपटीत ग्लुटामेट हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असल्यामुळे ती ऋणभारित असते. मोटर प्रथिनं चालतात ती याच पृष्ठभागावर, त्यामुळे शेपटीवरच्या खुणा त्यांच्या थेट वाटेत येतात.

शेपटीवरच्या मुख्य खुणा तीन. अल्फा ट्यूब्युलिनच्या अगदी शेवटी टायरोसीन असतं, ते काढून टाकणं म्हणजे डीटायरोसिनेशन. हे काम करणारी व्हॅसोहिबिन एन्झाइमं (व्हॅश१ आणि व्हॅश२, सोबतीला एसव्हीबीपी) २०१७ मध्ये ओळखली गेली. २०२२ मध्ये त्यांत मॅटकॅपची भर पडली. टायरोसीन परत जोडतं ते टीटीएल हे एन्झाइम. दुसरी खूण पॉलिग्लुटामिलेशन : शेपटीतल्या ग्लुटामेटला बाजूने ग्लुटामेटची फांदी फुटते. ही फांदी टीटीएलएल कुळातली काही एन्झाइमं लावतात. त्यांत टीटीएलएल५ सारखी फांदीची सुरुवात करतात, तर टीटीएलएल६ सारखी ती लांबवतात. सीसीपी कुळातली एन्झाइमं ती छाटतात, आणि फांदीचा अगदी पहिला ग्लुटामेट काढण्याचं काम सीसीपी५ चं. तिसरी खूण ग्लायसिलेशन, म्हणजे त्याच ग्लुटामेटवर ग्लायसीन बसणं. जागा एकच असल्यामुळे या दोघांत चढाओढ असते.

चौथी खूण सगळ्यांत प्रसिद्ध आहे, आणि तिचा पत्ता मात्र वेगळा. अल्फा ट्यूब्युलिनच्या ४० व्या लायसीनवरचं अ‍ॅसिटिलेशन नलिकेच्या आतल्या पोकळीत असतं. ते करणारं एन्झाइम अल्फा-टॅट१, काढणारं प्रामुख्याने एचडीएसी६. बाहेरून चालणाऱ्या मोटरचा पाय या खुणेवर पडू शकत नाही, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी वाचनात बरेच घोटाळे टळतील.

तिसरी पायरी : कुठली खूण गाडीशी बोलते ते समजून घ्या

सुरुवात डीटायरोसिनेशनपासून करा, कारण इथे जागा आणि हालचाल यांचा संबंध सगळ्यांत स्वच्छ दिसतो. क्लॅमिडोमोनासच्या अ‍ॅक्सोनीममध्ये ए-नलिका प्रामुख्याने टायरोसीनसह असते आणि बी-नलिका प्रामुख्याने टायरोसीनविना. हे १९९८ पासून माहीत होतं, पण ही विभागणी कशासाठी हे बरीच वर्षं उलगडलं नव्हतं. २०१६ मधला मार्गांचा शोध त्याशेजारी ठेवला की चित्र जुळू लागतं : वरच्या गाड्या टायरोसीन नसलेल्या नलिकेवर, परतीच्या टायरोसीन असलेल्या नलिकेवर.

जुळणारं चित्र म्हणजे पुरावा नव्हे. शुद्ध प्रथिनांवरच्या २०१४ मधल्या प्रयोगांत अल्फाच्या शेपटीतलं टायरोसीन कायनेसिन-२ ला अडथळा करतं असं दिसलं होतं, म्हणजे दिशा बरोबर होती. पुढे क्लॅमिडोमोनासमधून काढलेल्या खऱ्या आयएफटी गाड्या प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन प्रकारच्या नलिकांवर सोडून पाहण्यात आल्या. परतीच्या गाड्यांचा ओढा टायरोसीन असलेल्या नलिकांकडे निघाला आणि वर जाणाऱ्यांचा टायरोसीन नसलेल्यांकडे. ज्या शैवालात डीटायरोसिनेशन करणारं एन्झाइमच काढून टाकलं होतं, तिथे समोरासमोरच्या गाड्या अडकू लागल्या आणि सिलियाची वाढ मंदावली. हे काम मला फार मोलाचं वाटतं. खूण बदलल्यावर बिघडली ती गाड्यांची वाट, आणि वेगातला बदल त्यामागून आला. 'जलद की मंद' एवढंच मोजलं असतं तर यातलं निम्मं हातातून निसटलं असतं.

पॉलिग्लुटामिलेशनची गोष्ट इतकी सरळ नाही. ही खूण बी-नलिकेवर जास्त असते, आणि प्राथमिक सिलियात टोकापेक्षा बुडाकडच्या भागात ठळक दिसते. २०१८ मध्ये सीसीपी५ हे एन्झाइम फक्त सिलियाच्या आत बोलावून ही खूण पुसण्यात आली, तेव्हा वर जाणारी वाहतूक मंदावली आणि हेजहॉग नावाचं, पेशींच्या वाढीशी निगडित संदेशवहनही घटलं. म्हणजे इथे खूण वाहतुकीला हातभार लावते. उलट, सूत्रकृमीत छाटणारं एन्झाइम सीसीपीपी-१ काढून टाकलं की खूण वाढते, आणि तीही मानवत नाही. मोटर प्रथिनं आणि सिलियाच्या पटलातलं पॉलिसिस्टिन हे प्रथिन भलत्या जागी साठतात, बी-नलिकांची रचनाच ढासळते. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. माणसांत सीईपी४१ या जनुकातल्या दोषामुळे सिलियातलं ग्लुटामिलेशन घटतं आणि जूबेर सिंड्रोम हा मेंदूच्या घडणीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार होतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं.

अ‍ॅसिटिलेशनबद्दल थोडक्यात. शुद्ध प्रथिनांवर नीट नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगांत ४० व्या लायसीनवरच्या अ‍ॅसिटिलेशनमुळे कायनेसिन-१ या दुसऱ्या मोटरचा वेग फारसा बदललेला नाही. ही खूण नलिकेला लवचीक आणि टिकाऊ बनवते. अल्फा-टॅट१ कमी केलं तर प्राथमिक सिलिया उशिरा उभा राहतो, पण राहतो. वाहतुकीत फरक दिसलाच, तर तो रस्त्याच्या घडणीतून आला असेल का, हे आधी तपासा.

ग्लायसिलेशनचा ठळक परिणाम हालचालीवर आहे. उंदरांत टीटीएलएल३ आणि टीटीएलएल८ दोन्ही काढल्यावर शुक्राणूंच्या शेपटीचा फटका बिघडतो, कारण अ‍ॅक्सोनीमल डायनीनचा ताल चुकतो. ते डायनीन वाहतुकीच्या डायनीनपेक्षा वेगळं. नवखे वाचक या दोघांची गल्लत हमखास करतात.

चौथी पायरी : प्राणी किंवा पेशी निवडा

प्रश्न मार्गाचा असेल तर क्लॅमिडोमोनास घ्या. कशाभिका १० ते १२ मायक्रोमीटर लांब असते, काचेला सपाट चिकटते, पीएच बदलून ती गाळता येते आणि दोनेक तासांत ती बहुतांशी पुन्हा वाढते. त्यामुळे खूण कधी बसते हेही पाहता येतं. प्रश्न कायनेसिन-२ च्या दोन प्रकारांचा असेल तर सूत्रकृमी. त्याच्या सिलियाच्या मधल्या भागात कायनेसिन-II आणि ओएसएम-३ मिळून सेकंदाला सुमारे ०.७ मायक्रोमीटर वेगाने गाडी ओढतात. टोकाकडच्या भागात एकटं ओएसएम-३ सुमारे १.३ ने ओढतं. प्रश्न संदेशवहनाचा किंवा आजाराचा असेल तर आरपीई१ सारख्या मानवी पेशी. त्यांना २४ ते ४८ तास सीरमशिवाय ठेवलं की सिलिया उगवतात.

पाचवी पायरी : खूण रंगवून पाहा

अ‍ॅसिटिलेशनसाठी ६-११बी-१, ग्लुटामिलेशनसाठी जीटी३३५ आणि पॉली-ई, टायरोसीनसाठी वायएल१/२ या अँटिबॉडी बहुतेक ठिकाणी वापरात आहेत. जीटी३३५ फांदीची सुरुवात ओळखते, पॉली-ई फक्त लांब साखळी. दोन्ही लावल्या तरच 'फांद्या कमी झाल्या' आणि 'फांद्या आखूड झाल्या' यांतला फरक कळतो. जीटी३३५ सेंट्रिओलही (सिलिया ज्यावर उभा असतो ती बुडाची रचना) रंगवते, म्हणून बुडाशी दिसणारा ठिपका सिलियाच्या मोजणीत धरू नका.

सिलिया शोधायला अ‍ॅसिटिलेटेड ट्यूब्युलिन वापरायची सवय सगळीकडे आहे. तुमचा प्रयोगच अ‍ॅसिटिलेशन बदलणारा असेल तर ही सवय घात करते : खूण गेली की सिलिया 'नाहीसा' झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी सिलियाच्या पटलावरचं एआरएल१३बी हे प्रथिन आणि बुडाशी गॅमा-ट्यूब्युलिन अशा वेगळ्या ओळखी सोबत ठेवा. त्यातही एक पाचर आहे. एआरएल१३बी स्वतः सिलियातल्या ग्लुटामिलेशनच्या नियंत्रणात सामील आहे, त्यामुळे ते बाहेरून जास्त प्रमाणात घालून सिलिया चमकवणं या विषयात टाळाच. पेशीत मुळात असलेलं एआरएल१३बी अँटिबॉडीने रंगवायला हरकत नाही.

पेशीतल्या इतर सूक्ष्मनलिकांमुळे पार्श्वभूमी फार उजळत असेल, तर स्थिरीकरणाआधी पेशी दहा-पंधरा मिनिटं बर्फावर ठेवा. बाकीच्या बऱ्याच नलिका विरघळतात, अ‍ॅक्सोनीम टिकतो. जिवंत पेशींत वाहतूक मोजायची असेल तेव्हा अर्थात हे करायचं नाही.

सहावी पायरी : फिल्म घ्या आणि कायमोग्राफ वाचा

इथे घाई करू नका, कारण सगळे आकडे इथूनच येतात.

गाडीला हिरवा चमकणारा टॅग लावायला आयएफटी८८ किंवा आयएफटी-बी मधलं दुसरं एखादं प्रथिन घ्या, आणि शक्यतो जनुकाच्या मूळ जागीच तो जोडा. प्रथिन गरजेपेक्षा जास्त झालं की सिलिया नुसता चमकत राहतो आणि गाड्या वेगळ्या दिसत नाहीत. फ्रेमचा वेग असा ठरवा : सस्तन पेशींत गाड्या ढोबळमानाने सेकंदाला अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास सरकतात. सेकंदाला चार फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममध्ये गाडी ०.१२५ मायक्रोमीटर पुढे जाते. एक पिक्सेल ६५ नॅनोमीटरचा असेल, तर हे सुमारे दोन पिक्सेल, म्हणजे पुरेसं. क्लॅमिडोमोनासमध्ये वेग चौपट, तेव्हा सेकंदाला दहा फ्रेमच्या खाली जाऊ नका. तापमान फिल्मभर एकसारखं ठेवा. थंड पेशींत मोटरही मंदावते.

फिजी या प्रतिमा तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलियाच्या बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढून कायमोग्राफ काढा. आडवं अंतर, उभा काळ. प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एक गाडी. समजा एका रेघेने ४ मायक्रोमीटर अंतर ८ सेकंदांत कापलं : वेग ०.५. आता ती रेघ नीट मोठी करून पाहा. मध्ये तीन सेकंद ती सरळ उभी उतरली असेल, म्हणजे गाडी थांबली होती. धावण्याचा वेग मग ४ भागिले ५, म्हणजे ०.८. खुणा बदललेल्या पेशींत नेमकं काय घटलं, धावण्याचा वेग की थांबे वाढले, यावरून अर्थ पूर्ण बदलतो. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा : धावण्याचा वेग, थांब्यांची संख्या आणि काळ, मिनिटाला सुटणाऱ्या गाड्या, आणि गाडीची चमक.

पाचवी गोष्ट बहुतेकांकडून राहते. वरच्या आणि परतीच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो प्रत्येक बिंदू तपासा. रेघा सरळ पार होतात की छेदल्यावर एक तुटते, वाकते, थांबते? टायरोसीनच्या खुणेचा प्रयोग असेल तर उत्तर याच बिंदूंत आहे. मात्र रेघा सुखरूप पार झाल्या म्हणून 'गाड्या वेगळ्या नलिकांवर होत्या' असं लिहू नका. नेहमीचा प्रकाश सूक्ष्मदर्शक दोनेकशे नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवू शकत नाही, आणि ए व बी नलिका त्याहून कितीतरी जवळ असतात. ते सिद्ध करायला इलेक्ट्रॉन टोमोग्राफीची जोड लागतेच.

सिलिया काचेला सपाट आहे ना हेही पाहा. तो काचेशी ६० अंशांच्या कोनात उभा असेल तर मोजलेला वेग खऱ्याच्या निम्मा येतो, ३० अंशांतही सुमारे १३ टक्के कमी. फेरफार केलेल्या पेशींत सिलिया उभे राहण्याचं प्रमाणच बदललं असेल, तर मोटर तशीच असूनही 'वाहतूक मंदावली' असा निष्कर्ष निघेल.

आकडेवारीत एका सिलियातल्या पन्नास गाड्या म्हणजे पन्नास स्वतंत्र नमुने नव्हेत. तुलना स्वतंत्र प्रयोगांच्या पातळीवर करा. सिलियाची लांबीही सोबत द्या, कारण लांबी बदलली की गाड्यांचा आकार आणि संख्याही बदलू शकते.

सातवी पायरी : खूण बदला, पण फक्त सिलियात

एचडीएसी६ रोखणारं ट्यूबॅसिन टाकणं किंवा टीटीएलएलचं जनुक काढणं सोपं असतं. अडचण अशी, की त्याने पेशीभरातल्या नलिकांवरच्या खुणा बदलतात. सिलियात माल पोचण्याआधीची, पेशीतली वाहतूकच बिघडली असेल तर तुम्हाला कळणारही नाही. २०१८ च्या प्रयोगाची युक्ती म्हणूनच शिकण्यासारखी आहे : एफआरबी आणि एफकेबीपी हे दोन तुकडे, एक अ‍ॅक्सोनीमवर बसवलेला, दुसरा एन्झाइमला जोडलेला. रॅपामायसिन टाकलं की दोन्ही जुळतात आणि एन्झाइम सिलियात खेचलं जातं. आधीचा आणि नंतरचा सिलिया तोच राहतो, त्यामुळे तुलना थेट होते. रॅपामायसिन पेशीच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या एमटॉर या प्रथिनावरही काम करतं, म्हणून निष्क्रिय केलेलं एन्झाइम तसंच सिलियात खेचून दाखवणं बंधनकारक समजा. ते नसेल तर मी तरी तो निकाल मान्य करणार नाही.

आठवी पायरी : ट्यूब्युलिनवर आळ घेण्याआधी

ही एन्झाइमं फक्त ट्यूब्युलिनवर काम करतात असं नाही. टीटीएलएल५ मधल्या दोषामुळे दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, पण तिथे त्याचं महत्त्वाचं लक्ष्य आहे आरपीजीआर हे प्रथिन, ज्यावर ते ग्लुटामेट लावतं. जीटी३३५ ग्लुटामेट लागलेलं आरपीजीआरही ओळखते. म्हणजे एन्झाइम काढलं, रंग फिका झाला, वाहतूक बिघडली, आणि तरीही कारण ट्यूब्युलिन नसेल अशी शक्यता उरतेच.

यावर सर्वांत भक्कम उपाय म्हणजे ट्यूब्युलिनचीच ती जागा बदलणं : ४० व्या लायसीनच्या जागी आर्जिनीन, किंवा शेपटीतले ग्लुटामेट बदललेले. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात लायसीनचा असा बदल करूनही पेशी व्यवस्थित जगल्या होत्या. क्लॅमिडोमोनासमध्ये अल्फाची दोन आणि बीटाची दोनच जनुकं असल्यामुळे हा मार्ग आवाक्यात आहे. मानवी पेशींत दोन्हींची बरीच जनुकं असतात, सगळी एकदम बदलणं जवळपास अशक्य. तिथे एन्झाइमच्या बाजूनेच जावं लागतं. तेव्हा निदान दोन वेगवेगळी एन्झाइमं वापरा, एक खूण लावणारं आणि एक काढणारं, आणि वाहतुकीतला बदल दोन्हींत उलट दिशेने जातो का ते पाहा. दोन्हींत तो एकाच दिशेने गेला, तर आधी सिलियाच्या रचनेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढा. बी-नलिका जागेवर आहेत का, ते मोजल्याशिवाय वेगाचा आलेख कुणाला दाखवू नका.